मोजदाद

आबांची मोजणी पहाटे व्हायची,
भोईवाड्याच्या चौकीत, पिवळ्या बल्बखाली.
गोणपाट उलटं करायचं,
मुकादमाने शेपट्या मोजायच्या.
तीस भरले तर रात्र भरली.
एकोणतीस निघाले की परत गल्लीत,
काठी आणि बॅटरी घेऊन
गटाराच्या तोंडाशी उकिडवं.

मी मोजते ती दुपारी, एसीत, परळलाच,
चौकीपासून दोन बसथांबे अलीकडे.
उंदराच्या कानामागून काढलेली नस,
राळेत बसवलेली,
केसाहून पातळ कापलेली, निळी रंगवलेली.
भिंगाखाली नुसती कडी कडी दिसते,
कासाराच्या दुकानात
बांगड्यांच्या चळती वरून पाहाव्यात तशी.

नूलकर मॅडम म्हणतात, ही हुकमाची नस.
मेंदूकडून निघते, चेहऱ्याला सांगते,
मिशी फिरव, डोळा मिट, ओठ मागे घे.
मग हे कोण थोडेसे,
त्याच वाटेने उलटे येणारे,
अंग चोरून, भिंतीला धरून,
चेहऱ्याकडून काहीतरी आत आणणारे?

त्यांना शोधायची रीत साधी आहे.
नस कापायची, टोकाला रंग लावायचा,
तीन दिवस थांबायचं.
रंग आपल्या पायांनी चालत जातो
आणि कानाच्या हाडाआड, नस जिथे
गुडघ्यासारखी वळते,
तिथल्या एका गाठीत जाऊन चमकतो.
तेवढ्या पेशी मोजायच्या.
वहीत लिहायच्या. हात धुवायचे.

रिटायर झाल्याच्या तिसऱ्या वर्षी
आबांचा डावा गाल सकाळी उठून पाहतात तो उतरलेला.
चूळ भरली ती शर्टावर.
डोळा मिटेना, झोपेतही अर्धा पहारा.
आई म्हणाली, वारं गेलं अंगावरून.
दवाखान्यात गोळ्या दिल्या,
आरशासमोर गाल फुगवायला सांगितलं.
आबांनी आरसा पालथा घातला.

आठवड्याने ताट बाजूला सारून म्हणाले,
तोंड वाकडं झालं ते समजलं.
सुकटीची चव कुठे गेली पण?
पत्रा चाटल्यासारखं लागतंय.

मी सांगितलं. जेवढं सोपं करता आलं तेवढं.
की त्याच नसेत थोडे धागे
उलटे येतात, जिभेवरून, कानाच्या पाळीपासून,
नस सुजली की तेही चेपतात.
ते उजव्या दाढेने चावत ऐकत होते.

उंदराला असतात?

असतात.

मिशीला?

मिशीचं कळणं दुसऱ्या नसेतून जातं, आबा.
पण हिच्यातही असतं थोडं. तेच मोजतो आम्ही.

बराच वेळ घास तसाच.
मग म्हणाले, बॅटरी मारली ना डोळ्यावर,
की तो पळत नाही लगेच.
मिशी फिरत असते, फिरत असते,
आणि एकदम थांबते.
त्या थांबण्यावर मी काठी टाकायचो.
बावीस वर्षं.
मला वाटायचं, मिशी थांबली
म्हणजे त्याचं डोकं थांबलं.

आईने आमटी वाढली. कुणी काही बोललं नाही.
खाली कुणाचा तरी मिक्सर चालू होता.

चव आधी आली, हसू नंतर.
एका रविवारी ते म्हणाले, मीठ जास्त पडलंय,
आणि आई इतकी चिडली
की ओट्याकडे तोंड करून पदराने डोळे पुसत राहिली.
डावी भुवई अजून थोडी मागे आहे,
हजेरीला उशिरा येणाऱ्या माणसासारखी.

आज गाठीचा नवा काप लावला.
एकोणतीस मोजल्या.
तिसावी पेशी की रंगाचा डाग, ठरेना.
मॅडम घड्याळ पाहत म्हणाल्या, सोडून दे गं,
एकाने काय फरक पडतो.
मी हो म्हटलं.
त्या गेल्यावर काच परत लावली,
दिवा थोडा कमी केला,
डोळ्यावर नको म्हणून.